उजवं चाक

“उदयला सांग,” आई म्हणाली, “यंदा दसऱ्याला ह्यांची गाडी दारात उभी राहिली पायजे.”

उदय तिच्यासमोरच जेवायला बसला होता. तिनं हात लांब केला असता तर त्याच्या ताटाला लागला असता. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि रोजच्यासारखं निरोप पोचवायचं काम केलं.

“उदय, आई म्हणतीय, दसऱ्याला...”

“ऐकलं की,” तो म्हणाला. मग आईकडं वळून, “करतो, आई. दस्तगीरचाचांना उद्याच दाखवतो.”

आईनं भातात आमटी कालवली. “त्याला सांग, नुसती ढकलत आणायची न्हाई. चालत आली पायजे.”

आमच्या घरात हे असं चालायचं. आबा गेले त्या दिवसापासून आई उदयशी एक शब्द बोलली नव्हती. त्याचा डबा भरायची, ताप आला तर रात्रभर उशाशी बसायची, पण बोलणं नाही. उदय मात्र हट्टानं तिच्याशी सरळ बोलायचा. ‘आई, गोळी घेतलीस का?’ ‘आई, बाहेर गार आहे, शाल घे.’ ती उत्तर मला द्यायची. मी शाळेत पी.टी.ची बाई. मैदानावर माझी शिट्टी वाजली की अख्खी शाळा गप उभी राहायची, आणि घरात मी या दोघांमधली पोस्टमन! कितीदा वाटायचं, दोघांच्याही कानाखाली एकेक वाजवावी आणि म्हणावं, बोला की रे एकदाचं. पण आईच्या कानाखाली कशी वाजवणार?

हे कशानं झालं ते आधी सांगून टाकते. आबांची लाकडाची वखार होती, कोल्हापुरात, उद्यमनगरच्या मागच्या अंगाला. आणि एक जुनी फियाट होती, गोल पाठीची. लोक तिला डुक्कर फियाट म्हणतात ती. आबा आमच्यापेक्षा तिला जास्त जपायचे. उदयनं आयटीआय केलं आणि पुण्याला कंपनीत जायचं म्हणाला. आबा म्हणाले, मग वखार कोण बघणार? घरात कितीतरी दिवस नुसती धुसफूस. शेवटी एका सकाळी उदय ओरडला, “तुम्ही आहात तोवर माझं काय बी व्हायचं न्हाई!”

आबा अर्धा चहा तसाच टाकून उठले, वैभववाडीला आत्याकडं जाऊन येतो म्हणाले आणि गाडी काढली. गगनबावड्याच्या घाटात एका वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ गेली. मागून एसटी येत होती, तिचा ड्रायव्हर पोलिसांना म्हणाला, “वळवलीच न्हाई ओ त्यांनी.” गाडी थोडं खाली झाडांत अडकली. आबा बाहेर फेकले गेले होते.

सरळ गेली, एवढ्यावरनं लोकांनी काय ते ठरवलं. बाराव्याला जेवायला बसलेली माणसंसुद्धा हळूच म्हणत होती, मुद्दाम घातली म्हणे, पोराशी वाजलं होतं. माझं जवळजवळ ठरलेलं लग्न त्यावरनंच फिसकटलं. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही, तो माणूस तसाही बावळट होता. पण आईनं उदयकडं एकदा बघितलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. उदय पुण्याला गेला नाही. शिरोलीच्या एका फौंड्रीत लागला, सायकलनं जायचा-यायचा. लग्नाचं नाव काढलं की उठून जायचा.

मी कधी म्हणायचे, अरे, गाडीत काहीतरी बिघडलं असेल. तो मान हलवायचा. “गाडीत दोष नव्हता, अक्का. मला माहिती आहे.” इतक्या खात्रीनं कसं म्हणतोस, असं विचारायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

तर आई ते बोलल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वखारीतल्या शेडमध्ये गेलो. गाडी तिथंच ताडपत्रीखाली पडून होती. पुढचं डावं चाक बाहेरच्या बाजूला लोंबत होतं, त्याला धरून ठेवणारा खालचा आर्म वाकून गेला होता. उदयनं ताडपत्री ओढली आणि लांब जाऊन उभा राहिला. मीच आत शिरून कोळिष्टकं काढली. फळीवर त्याची आयटीआयची हत्यारं गंजून पडली होती. त्यात पत्रा कापायची कात्री होती.

“ही बघ!” मी म्हटलं. “हिनंच माझा डबा कापलास ना रे, मेल्या?”

खूप दिवसांनी तो हसला. “तू मला किती बडवलं होतंस!”

बडवणार नाही तर काय करणार? जिल्ह्याच्या धावण्याच्या शर्यतीत मला गोळ्यांचा डबा बक्षीस मिळाला होता. निळा, त्याच्यावर पिवळी बदकं. गोळ्या संपल्यावर मी त्यात माझी पदकं ठेवायची. एक दिवस घरी येऊन बघते तर पदकं गादीवर आणि डब्याची झाकणासकट चिरफाड. का कापलास, विचारलं तर गप. मार खाल्ला पण सांगितलं नाही.

“का कापला होतास, आता तरी सांग.”

“असंच,” तो म्हणाला आणि ताडपत्रीची घडी घालायला लागला.

गाडी ट्रकवर चढवून दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात नेली. उद्यमनगरात जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांचं काम करणारे तेवढेच उरले होते. म्हातारा तिरसट, पण हात सोन्याचा. गाडीखाली वाकून बघितलं, बाहेर येऊन दाढी खाजवली.

“आर्म वाकलाय, तो बदलायचा. स्प्रिंग बसलीय. किंगपिन आणि बुश दोन्हीकडचे नवे घालायचे.”

“दुसरी बाजू तर चांगली दिसतीय,” मी म्हटलं.

“बाई, ते जोडीनं बदलायचं असतं. एका बाजूचं करून दुसरी तशीच सोडली तर गाडी एकीकडं ओढती. आमच्या वस्तादानं शिकवलंय, मी एक बाजू कधी करत न्हाई.” मग उदयकडं बघून, “आणि काढलेला जुना माल इथं पोत्यावर मांडतो. गिऱ्हाईकानं बघायचा, मग न्यायचा. माझ्यात काय लपवालपवी नसती.”

उदय मान हलवत होता, पण त्याचं लक्ष त्या लोंबत्या चाकाकडं होतं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “अक्का, डावी बाजू खोलतील तेव्हा तू थांब. मला बघवणार नाही.”

“का रे?”

“तिथं काही तुटलेलं निघालं तर...” तो थांबला. “नाही निघणार. पण निघालं तर आईला सांगता येईल. एवढंच.”

त्याला काय पाहिजे होतं ते मला समजलं. गाडीचा एखादा तुकडा, आधीच तुटलेला. म्हणजे आबांनी स्वतः गाडी घातली नाही असं ठरलं असतं, त्याच्या त्या सकाळच्या बोलण्यानं बाप मेला नाही असं ठरलं असतं, आणि आईचं तोंड उघडलं असतं. मी तोपर्यंत कधी नवस बोलले नव्हते. त्या दिवशी अंबाबाईला बोलले. देवळात गेले नाही, तिथंच गॅरेजच्या दारात, चप्पल पायात असताना बोलले.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर गेले. दस्तगीर मिस्त्रींनी डावं चाक काढून बाजूला ठेवलं होतं. किंगपिन म्हणजे चाक ज्याच्याभोवती डावीकडं-उजवीकडं वळतं ती उभी जाड खीळ. ती गंजून घट्ट बसली होती. म्हाताऱ्यानं तेल सोडलं, खालून हातोडीचे घाव घातले, शिव्या दिल्या. शेवटी खीळ निघाली ती दोन तुकड्यांत.

“या अल्ला,” मिस्त्री म्हणाले. तुकडे उजेडात नेऊन फिरवून बघितले. “बाई, ही पडून तुटली न्हाई. पडून तुटती तर वाकून तुटती. ही आधीच चिरली होती. चालता चालता मोडलीय. पिन मोडल्यावर चाक काय ऐकतंय? बिचाऱ्यानं स्टेअरिंग कितीबी फिरवलं असंल.”

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हणजे वळवलं होतं! आबांनी वळवलं होतं! मी त्या म्हाताऱ्याचे तेलकट हात धरले. मला तिथूनच धावत सुटावंसं वाटत होतं, फौंड्रीपर्यंत, तशीच.

“थांबा की,” ते म्हणाले. “कशानं चिरली ते तर बघू.”

त्यांनी बुशात, म्हणजे खीळ ज्याच्यात फिरते त्या नळीत, बोट घातलं. मग बारीक चिमट्यानं आतून काहीतरी ओढलं. काळी, चिकट, गुंडाळलेली पट्टी.

“हां! हे बघा गाढवपणा. बुश झिजला की पिन खडखडती, चाक थरथरतं. बुश बदलायचा सोडून कुणीतरी आत पत्रा गुंडाळून घातलाय. खडखड थांबती, मालक खूश. पण ग्रीस आत जायचं भोक ह्या पत्र्यानं बुजलं. पिन कोरडी फिरत राहिली आणि चिरली. कुणी केलं असंल हे? दोन फटके द्याय पायजेत त्याला!”

त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. मी सहज म्हणून पेट्रोलच्या चिंधीनं पुसली. खालून निळा रंग निघाला. आणखी पुसली. पिवळी मान निघाली, आणि चोच.

मी तिथंच जुन्या टायरवर बसले. मला एक संध्याकाळ आठवली, आबा जायच्या आधीच्या पावसाळ्यातली. आबा जेवताना म्हणाले होते, “गाडी कशी लोण्यासारखी चालाय लागलीया. चाकाची थरथर आपोआप गेली बघ.” गाडीला हात लावायची उदयला बंदी होती. आबा बाजाराला गेल्यावर त्यानं चोरून केलं असणार. आणि त्या जेवणाला उदय ताटात बघून एकटाच हसत होता. मला वाटलं होतं, आमटी आवडली.

“बाई? चक्कर आली का?”

“मिस्त्री, हे उदयला सांगू नका.”

“का?”

मी पट्टी त्यांच्यापुढं धरली. “हा माझा डबा आहे. त्यानं कापला होता. तेव्हा पोरगं आयटीआयला होतं, बापाची गाडी नीट करायला गेलं...”

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग पोत्याकडं बघितलं.

“माझ्या गॅरेजात जुना माल लपवत न्हाईत, बाई.”

“पिन दाखवा. तुटलेली पिन दाखवा, तेवढी खरीच आहे. ही पट्टी मी नेते. तुमच्या पाया पडते, चाचा.”

“पाया नका पडू.” त्यांनी मान वळवली. “घेऊन जा. मी बघितलीच न्हाई.”

जाताना वाटेत रंकाळ्यावर थांबले आणि ती पट्टी पाण्यात भिरकावली. पी.टी.च्या बाईचा हात, चांगली लांब गेली.

घरी उदय दारातच उभा होता. माझ्याकडं बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

“पिन मोडली होती,” मी म्हटलं. “आधीच चिरलेली. चालता चालता मोडली. आबांनी वळवलं होतं, उदय. चाकानं ऐकलं नाही.”

त्यानं दाराची चौकट धरली. मला वाटलं, रडेल. पण त्यानं विचारलं, “आत काही होतं का? बुशात?”

“काय असणार? गंज होता.”

“नीट बघितलंस?”

“माझ्यासमोर खोललं की रे! गंज आणि घाण. का?”

“काही नाही.” मग अगदी हळू, स्वतःशीच, “म्हणजे आबांनी मागनं बुश बदलून घेतले असणार.” मी ऐकलं नाही असं दाखवलं. आणि मग तो रडला. एवढा मोठा बाप्या, पायरीवर बसून, डोकं गुडघ्यात घालून हमसून हमसून रडला.

आई आतून आली. तिला मी सगळं परत सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

“म्हणजे ह्यांनी न्हाई घातली?”

“नाही, आई.”

“मला टाकून न्हाई गेले?”

“नाही गं. यायलाच निघाले असते संध्याकाळी.”

ती आत गेली. देवापुढं दिवा लावला. पानं वाढली. आम्ही बसलो. कुणाला घास जात नव्हता. तिनं भाताचं पातेलं उचललं, उदयपुढं वाकली आणि म्हणाली, “उदय, भात घे.”

त्यानं ताट पुढं केलं. वाढताना निम्मा भात खाली सांडला. मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

त्यानंतरचे दिवस! काय सांगू तुम्हाला. घरात बोलण्याचा पूर आला होता. आई सकाळी उठल्यापासून “उदय, हे बघ”, “उदय, ते कर”, “उदय, केस कापून ये, कसा दिसतोयस.” मला कुणी विचारेना. मी म्हटलंसुद्धा, “माझी पोस्टाची नोकरी गेली वाटतं!” उदयनं फौंड्रीत रजा टाकली. दिवसभर गॅरेजात बसायचा. नवा आर्म मुंबईच्या जुन्या बाजारातून आला, बुश उद्यमनगरातच लेथवर कातून घेतले. संध्याकाळी येऊन आईला सगळं सांगायचा, स्प्रिंग कशी दाबून बसवली, डावी पिन कशी आत गेली, आणि ती बिचारी एक अक्षर न समजता हुंकार भरायची. एक दिवस तो दाढी करताना गुणगुणत होता. मी आणि आई स्वयंपाकघरात एकमेकींकडं बघत राहिलो.

मला मधेच भीती वाटायची, पण ती पट्टीच्या आठवणीनं. पट्टी तर रंकाळ्याच्या तळाशी होती. अहो, जोडीनं बदलतात हे मी स्वतः ऐकलं होतं! दोन कानांनी! पोरांना सांगते, दोन्ही पायांत सारखं बळ पाहिजे, नाहीतर पळताना वाकडे जाल. आणि दुसऱ्या चाकाचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

खंडेनवमीच्या आधीचा शुक्रवार होता. शाळा सकाळची होती. दुपारी घरी आले तर आईनं पान वाढूनच ठेवलं होतं. तिचा चेहरा असा खुलला होता की मी थट्टेनं म्हटलं, “काय, लॉटरी लागली?”

“अगं, मला सांगून गेला आज,” ती म्हणाली. “तुला न्हाई, मला. म्हणाला, ‘आई, दस्तगीरचाचा शुक्रवारचे नमाजाला जातात, तोवर उजवं चाक मीच खोलतो. दसऱ्याला गाडी आणायचीच.’ असं उभं राहून सांगितलं बघ मला.”

मी घास तोंडात घातला होता. तो गिळलासुद्धा. मग तिचं बोलणं डोक्यात शिरलं.

“कुठं निघालीस? जेव की!”

लुना कशी चालवली, कुठल्या सिग्नलला शिव्या खाल्ल्या, काही आठवत नाही. उजव्या चाकाला पण तोच रंग, तीच बदकं असणार. पोरगं हुशार होतं, आयटीआयला पहिलं आलेलं, ते काय एकच बाजू करणार होतं?

गॅरेजात सामसूम होती. उदय पालथ्या क्रेटवर बसला होता. उजवं चाक बाजूला, पिन मांडीवर. ही मोडली नव्हती, नुसती ओरबाडलेली होती. आणि त्यानं गुडघ्यावर पट्टी सरळ करून ठेवली होती, पुसून स्वच्छ केलेली.

“अक्का,” तो म्हणाला, “तुझं बदक.”

“कसलं बदक?”

“बस, बस. पळत आलीस.” त्याचा आवाज एकदम शांत होता, त्याचीच मला भीती वाटली. “डावीकडं काय निघालं होतं?”

“सांगितलं ना. गंज.”

“पट्टी नव्हती?”

“नव्हती! काहीतरीच तुझं. उजवीकडं आहे म्हणून काय झालं, हे चाक कुठं मोडलंय? ह्याला काही झालं नाही. आबांनी डावीकडचा बुश बदलून घेतला असेल.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मी शाळेत पोरांचं खोटं नजरेवरून पकडते. माझं कसं पकडलं जाईल ते मला माहीत होतं, तरी मी नजर हलवली नाही.

तेवढ्यात दस्तगीर मिस्त्री नमाजावरून आले. स्वच्छ पांढरे कपडे, डोक्याला टोपी, अंगाला अत्तर. आम्हाला बघून दारातच थांबले. उदयच्या गुडघ्यावरची पट्टी त्यांनी बघितली.

“चाचा,” उदय म्हणाला, “डावीकडं असलं काही निघालं होतं?”

म्हातारा माझ्याकडं बघेना. टोपी काढून खिशात घातली.

“न्हाई, बेटा. डावीकडं काय बी नव्हतं.”

आत्ता कुठं अल्लापुढं डोकं टेकवून आलेला माणूस तो. माझ्यासाठी खोटं बोलला. ते ऋण मी आजही विसरलेले नाही.

उदयनं पट्टी परत गुंडाळली, बोटाभोवती, अगदी सवयीच्या हातानं.

“मी दोन्हीकडं घातली होती, चाचा.”

शेजारच्या कारखान्यात लेथ सुरू होतं, तेवढाच आवाज.

“एवढी वर्षं मला वाटायचं, गाडीत दोष असूच शकत नाही,” तो म्हणाला. “मी स्वतः नीट केली होती ना. आबा म्हणाले होते, लोण्यासारखी चालते. म्हणून मला खात्री होती, अक्का, की आबांनी मुद्दामच घातली. दुसरं काही असूच शकत नाही म्हणून.”

“उदय, तू पोरगं होतास. तू बापाचं भलं करायला गेलास!”

“आई बोलते माझ्याशी,” तो म्हणाला. “आज सकाळी मला म्हणाली, शर्ट फाटलाय, दे शिवून देते.”

मी त्याचा हात धरायला गेले. त्यानं काढून घेतला, रागानं नाही, तेलकट होता म्हणून. उभा राहिला.

“आईला काही सांगायचं नाही. तिला आबा परत मिळालेत, ते तसेच राहू देत. चाचा, नवा बुश द्या.”

आणि त्यानं काम पूर्ण केलं. मी तिथंच टायरवर बसून होते. नवा बुश बसवला, नवी पिन ठोकली, चाक चढवलं. ग्रीसचा पंप लावला आणि मारत राहिला. पिनेच्या वरून-खालून ग्रीस बाहेर यायला लागलं तरी थांबेना. मिस्त्रींनी शेवटी त्याच्या मनगटावर हात ठेवला. “झालं, बेटा. झालं आता.”

दसऱ्याला गाडी दारात आली. चालत आली, आईनं सांगितलं होतं तशी. मिस्त्रींनी आणून लावली. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तिनं चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. स्टेअरिंगवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. गल्लीतली माणसं बघायला आली होती. ती प्रत्येकाला सांगत होती, “पिन मोडली होती ओ. ह्यांनी वळवली होती. माझ्या पोरानं शोधून काढलं.”

उदय भिंतीला टेकून उभा होता. प्रत्येकाला ती हेच सांगत होती आणि तो प्रत्येक वेळी ऐकत होता.

दुपारी जेवायला पुरणपोळी होती. तिनं पहिली पोळी तव्यावरून काढली, तुपात बुडवली आणि त्याच्या पानात वाढायला आली.

“उदय, बस.”

तो उंबऱ्यात थांबला. तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

“अक्का,” तो म्हणाला, “आईला सांग, मला भूक नाही.”

आईचा हात तसाच राहिला. पोळीवरचं तूप तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तो बाहेर गेल्यावर तिनं मला विचारलं, “एवढी वर्षं मी बोलले न्हाई त्याच्याशी, त्याचा राग काढतोय होय गं?”

मी पाटावर बसले होते. दोन उत्तरं होती, आणि एक देता येत नव्हतं.

“हो, आई,” मी म्हटलं. “त्याचाच राग असेल.”

ती ताट घेऊन त्याच्यामागं अंगणात गेली. तो गाडीच्या उजव्या चाकापाशी उभा होता. खिडकीतून मला दोघं दिसत होती. “चुकलं रे माझं,” ती म्हणत होती. “उदय, आईचं चुकलं. बोल की.” त्याचे खांदे हलत होते, पण तो वळला नाही. मग त्यानं तिथूनच मला हाक मारली.

“अक्का, तिला आत घेऊन जा. ऊन लागतंय तिला.”

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. ती त्याच्याशी सरळ बोलायची, हट्टानं, आणि तो उत्तर मला द्यायचा.